हेमांगी त्याला का ओळखत नाही

“मुळात गजराबाई वाईट नाहीच,” मुलाची आई म्हणाली, आणि पॅटिसची बशी पुढे करणारा माझ्या आईचा हात तिथल्या तिथे थांबला.

मी समोर बसले होते. साडी नेसून, मान योग्य तेवढी खाली घालून. मला बघायला ठाण्याहून तीन माणसं आली होती. मुलगा श्रीरंग टिपणीस, त्याची आई कुमुदताई आणि त्याचा बाळामामा. येऊन जेमतेम चहा झाला होता. त्यात आईने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं होतं, “प्रवासात त्रास नाही ना झाला?” त्यावर कुमुदताई म्हणाल्या की एसटीत व्हिडिओवर ‘जात्यावरची सून’ लावला होता, त्यामुळे वेळ बरा गेला. आई म्हणाली, “बाई गं! काय ती गजराबाई सासू!” इथवर सगळं ठीक होतं.

‘जात्यावरची सून’ तेव्हा गावोगाव धो धो चालत होता. त्यातली गजराबाई सुनेला रात्र रात्र दळायला लावते, तिच्या खिरीत मूठभर मीठ टाकते आणि ऐन पावसात तिला घराबाहेर काढून कडी लावते. आमच्या पेणच्या टॉकीजमध्ये बायकांनी पडद्यावर चपला फेकल्या होत्या. आईने फेकली नव्हती, पण ती काढून हातात घेतली होती.

“वाईट नाही म्हणजे?” आईने जपून विचारलं.

“अहो, तिची बाजू कुणी दाखवलीच नाही.” कुमुदताई सरसावून बसल्या. त्या ठाण्याच्या भगिनी मंडळात दर महिन्याला एका सिनेमावर चर्चा घडवून आणत. “एवढं मोठं घर, नवरा देवघरातून उठत नाही, मुलगा बायकोच्या पदराला. दळण करणार कोण? आणि खिरीतल्या मिठाचं म्हणाल, तर ती सुनेची परीक्षा आहे. प्रतीकात्मक मीठ आहे ते.”

“प्रतीकात्मक,” आई म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली. मला त्या नजरेत स्पष्ट दिसलं की तिने मला ठाण्याला पाठवलं, माझ्या खिरीत मीठ पडलं, मी पावसात भिजले आणि न्यूमोनियाने गेलेसुद्धा.

अशा वेळी माझे वडील, नाना, मध्ये पडून विषय बदलतील, असं कुणाला वाटेल. नाना शाळेत भूगोल शिकवत. पण नदीच्या पात्रापेक्षा नाटकातल्या पात्रात त्यांना जास्त खोल जाता येई. घरात कुणी नुसतं “मीठ कमी आहे” म्हटलं तरी नाना त्या वाक्यामागचा हेतू शोधत. माझ्यासाठी आलेल्या प्रत्येक मुलाचं त्यांनी असंच आकलन केलं होतं. अलिबागचा मुलगा ‘वरून नायक, आतून दुसऱ्या अंकातला सेनापती’ निघाला. महाडचा ‘स्वगत नसलेला माणूस’ होता. रोह्याच्या मुलाने चहा बशीत ओतून प्यायला, तेव्हा नानांना त्यात शोकांतिका दिसली. या सगळ्यांशी मी एक वाक्यही बोलले नव्हते. ते येत, नाना त्यांचा अर्थ लावत आणि ते परत जात.

या वेळी आईने त्यांना बजावलं होतं, “आज नाटकाचं नाव काढायचं नाही.” त्यांनीही मान डोलावली होती.

“कुमुदताई,” नाना म्हणाले, “तुमचं निरीक्षण मार्मिक आहे.”

आईने डोळे मिटले.

“पण सिनेमातल्या पात्राला असते ती फक्त बाजू. खोली नसते. खोली बघायची तर आपल्या जुन्या संगीत नाटकात बघावी. आता आमची हेमांगीच घ्या.”

“‘संगीत चंद्रकंकण’मधली?” कुमुदताईंचे डोळे चमकले.

“तुम्ही पाहिलंय?” नाना खुर्चीतून अर्धे उठले.

“कितीदा! आमच्या वडिलांनी त्यात द्वारपाल केला होता.”

क्षणभर मला वाटलं, जमलं. नानांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की लगेच साखरपुड्याची तारीख काढतील. ‘चंद्रकंकण’ म्हणजे नानांचा प्राण. त्याची गोष्ट तशी साधी आहे. राजपुत्र वीरध्वज लग्नानंतर लगेच युद्धावर जातो. बारा वर्षं त्याचा पत्ता नसतो. शेवटच्या प्रवेशात तो दाढी वाढवून, खंगून, महालाच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, “हेमांगी, मी आलो.” ती त्याच्याकडे पाहते आणि म्हणते, “पथिका, मी आपणांस ओळखत नाही.” तो मान खाली घालून निघून जातो. पडदा.

ती असं का म्हणते, हे नाटककाराने कुठेच सांगितलेलं नाही. आणि आमच्या घरात सकाळच्या चहापासून याच्यावरच बोलणं चाले.

“केवढा तो त्याग!” नाना म्हणाले. “पतीला राजपाटाच्या बंधनातून मुक्त करते. ओळखूनही न ओळखल्याचं—”

“त्याग?” कुमुदताई हसल्या. “अहो गुप्ते, संतापलीय ती! बारा वर्षं साधा निरोप नाही. वर दारात उभा राहून सांगतो, मी आलो. म्हणजे काय, हिने आरती ओवाळायची? ती म्हणते, चल, चालू लाग.”

नाना पांढरे पडले. “हेमांगी... चल, चालू लाग?”

“शब्द वेगळे आहेत. अर्थ तोच.”

“हेमांगीला राग येत नाही, ताई. हेमांगी रागाच्या पलीकडे गेलेली आहे.”

“रागाच्या पलीकडे बाई जात नसते. तसं ती दाखवते.”

बाळामामा इतका वेळ शांतपणे तिसरं पॅटिस खात होते. ते रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे वादात कधी पडायचं याचा त्यांना अंदाज असावा, असं मला वाटलं होतं. तो अंदाज त्यांना नव्हता.

“मला नेहमी वाटतं,” ते बोटं पुसत म्हणाले, “तिची नजर अधू झाली असणार. बारा वर्षं गवाक्षात बसून वाटेकडे बघत होती ना. त्या काळी चष्मे कुठले?”

या एका वाक्याने नाना आणि कुमुदताई पहिल्यांदा एकत्र आले. दोघंही एकदम ओरडले, “चष्मा?”

“अहो, अचलाने हा टेबलक्लॉथ भरलाय,” आई म्हणाली. कुणीही टेबलक्लॉथकडे पाहिलं नाही.

मी मान वर करून श्रीरंगकडे पाहिलं. तो पॅटिस खात होता. मन लावून, सावकाश, कडेचा कुरकुरीत भाग शेवटी राखून. समोर वाद घालणाऱ्या तीन माणसांपैकी कुणाशी आपलं नातं आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नसतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने पुन्हा बशीत पाहिलं.

इकडे आवाज चढत होते. नानांनी नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींच्या आधीपासून सुरुवात केली होती. कुमुदताईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली होती, म्हणजे हात मोकळे केले होते.

“ज्या घरात हेमांगीला तापट समजतात,” नाना शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर कापत होता, “त्या घरात मुलगी देताना बापाला विचार करावा लागेल.”

“आणि ज्या घरात बाईला रागावूसुद्धा देत नाहीत,” कुमुदताई म्हणाल्या, “त्या घरातली मुलगी आणताना मलाही करावा लागेल.”

त्यांनी खाली ठेवलेली पर्स उचलली. मला हे मोडायला नको होतं. या मुलाबद्दल मला विशेष काही वाटत होतं म्हणून नाही. मला त्याच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. पण आता तो उठेल, ‘स्वगत नसलेला माणूस क्रमांक दोन’ होऊन एसटीत बसेल आणि मी हा टेबलक्लॉथ पुढच्या मंडळींसाठी पुन्हा इस्त्री करीन, हे मला डोळ्यांपुढे दिसू लागलं.

तेव्हा बाळामामा म्हणाले, “एवढं भांडण्यापेक्षा करून बघू ना.”

“काय?”

“प्रवेश. मुलगा आहे, मुलगी आहे, दार आहे. एकदा त्यागाने करू, एकदा रागाने. एकदा माझ्या पद्धतीने. कोणतं पटतं ते बघू.”

कुठल्याही शहाण्या घरात यावर लोक हसले असते. आमच्याकडे नानांनी उठून टीपॉय भिंतीला लावला.

“अचलाला संवाद पाठ आहेत,” ते म्हणाले. “लहानपणापासून.”

“श्रीरंगला एकच वाक्य आहे,” कुमुदताई म्हणाल्या. “तेवढं जमेल. बशी ठेव रे.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग, आता जे होईल ते होवो अशा थाटात, तिने आतून नानांचा पंचा आणून श्रीरंगच्या खांद्यावर टाकला. “शेला,” ती म्हणाली. तिच्या तोंडाचा कोपरा किंचित हलल्यासारखा मला वाटला.

श्रीरंगला ओटीवर उभं केलं. बाहेरून आत यायचं, उंबऱ्यात थांबायचं आणि म्हणायचं. मी स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी. नाना मध्ये उभे राहून दोन्ही हातांनी काहीतरी अदृश्य मळत म्हणाले, “त्याग, अचला. डोळ्यांत पाणी, पण पापणीच्या आत.”

श्रीरंग आत आला. “हेमांगी, मी आलो,” तो म्हणाला. दूधवाला सांगतो तसं.

मी पाणी पापणीच्या आत ठेवून म्हटलं, “पथिका, मी आपणांस ओळखत नाही.”

तो मान खाली घालून वळला आणि ओटीवर गेला. नानांनी रुमाल काढला. “बघा,” ते कुमुदताईंना म्हणाले, “बघा!”

“तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या नाही,” कुमुदताई म्हणाल्या. “आता माझ्या पद्धतीने. अगं, बारा वर्षं गं! दिवाळ्या बारा. दर दिवाळीला तू दोघांचं ताट मांडलंयस. आणि हा आत्ता उगवतोय. घे राग. पोटातून घे.”

मला वाटलं होतं, राग जमणार नाही. पण मला अलिबाग आठवलं. महाड आठवलं. रोह्याचा तो बिचारा बशीतला चहा आठवला. दर वेळी कडक इस्त्री, दर वेळी खाली मान.

“हेमांगी, मी आलो.”

“पथिका!” मी अशी ओरडले की स्वयंपाकघरात मांजराने उडी मारली. “मी आपणांस ओळखत नाही!”

“वा!” कुमुदताईंनी टाळी वाजवली.

श्रीरंग वळून ओटीवर गेला, आणि ती टाळी विरते न विरते तोच तिथे धडपड ऐकू आली. आमच्या शेजारचे दिघेकाका हातात छत्री घेऊन आत शिरले. एका हाताने त्यांनी श्रीरंगची कॉलर धरली होती, आणि पंचा त्यांच्या पायात अडकला होता.

“पोरगी ओरडून सांगतेय ओळखत नाही म्हणून,” ते धापा टाकत म्हणाले, “आणि हा इसम दुसऱ्यांदा आत येतोय! मघाशी मी खिडकीतून पाहिलं, गेलेला परत आला! काय रे ए, कोण तू?”

“मी युद्धावरून आलोय,” श्रीरंग म्हणाला.

नंतर त्याने मला सांगितलं की त्या क्षणी त्याला खरं उत्तर आठवेनाच. दिघेकाकांनी छत्री उगारली. आईने ती वरच्या वर पकडली. “अहो काका, बघायला आलाय तो!” मग त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पॅटिस दिलं आणि नानांनी हेमांगीचा प्रश्न थोडक्यात सांगितला.

दिघेकाकांनी ऐकून घेतलं. “पण ओळखत नाही म्हणते म्हणजे ओळखत नसेल,” ते म्हणाले.

“तेच मी म्हणतोय!” बाळामामा खूश झाले. “आता माझी पाळी. मुली, तुला अंधुक दिसतंय. धुक्यातून बघितल्यासारखं बघ.”

श्रीरंग पुन्हा ओटीवर गेला. त्याची कॉलर एका बाजूला वर राहिली होती. पंचा त्याने खांद्यावर टाकला, पण घाईत उलटा. त्यावरचा पिवळा हळदीचा डाग पुढे आला. तो उंबऱ्यापाशी आला. दिघेकाकांच्या छत्रीकडे त्याने एकदा नजर टाकली, मग माझ्याकडे पाहिलं.

“हेमांगी,” तो म्हणाला, “मी आलो.”

मला धुक्यातून बघायचं होतं. मी डोळे बारीकही केले. आणि का कोण जाणे, उलट मला तो स्वच्छ दिसला. कपाळावर घाम. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक खूण. दोन तास हा माणूस आमच्या घरात होता. त्याच्या आईचं सिनेमाबद्दलचं मत मला माहीत होतं, मामाचं दृष्टिदोषाबद्दलचं माहीत होतं. हा काय करतो, याला काय आवडतं, याला इथे यायचं तरी होतं का, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. कदाचित महिन्याभरात मी याच्या घरी राहायला जाणार होते.

त्याग नाही, राग नाही. मी साध्या आवाजात म्हटलं, “मी आपल्याला ओळखत नाही.” पथिका म्हणायचं राहूनच गेलं.

आता त्याने वळायचं होतं. तो वळला नाही. खांद्यावरचा पंचा काढून त्याने हातात घेतला, नीट घडी घातली.

“हो ना,” तो म्हणाला. “बरोबर आहे तुमचं. मी श्रीरंग. ठाण्याला नगरपालिकेच्या पाणीखात्यात असतो. मला पोहता येत नाही. यायच्या आधी तुमचा फोटो पाहिला होता, पण त्यावरून काही कळत नाही.”

“हे... हे संहितेत नाही,” नाना कसंबसं म्हणाले.

“वीरध्वजाने नाव सांगायचं नसतं रे!” कुमुदताई कळवळून म्हणाल्या. “मग पडदा पडायचा कसा?”

“कशाला पडायला हवा?” दिघेकाका म्हणाले. त्यांनी दुसरं पॅटिस घेतलं होतं.

मी अजून पडद्यापाशीच उभी होते. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझं वाक्य तर संपलं होतं. पुढे काय म्हणायचं ते नाटककाराने लिहून ठेवलेलं नव्हतं. इतकी मोकळी जागा मला आमच्या घरात पहिल्यांदाच मिळाली होती.

“मी अचला,” मी म्हटलं. “पॅटिस आईने केलीत. मी फक्त वळली. तुम्हाला सांगतील की मी केली.”

“मला कडा आवडल्या,” तो म्हणाला.

“त्या माझ्या आहेत.”

मग आम्ही दोघं ओटीच्या पायरीवर जाऊन बसलो. कुणी बसा म्हटलं नाही आणि कुणी अडवलंही नाही, कारण आत नवीनच वाद पेटला होता. वीरध्वज स्वतःचं नाव सांगू शकला असता का, की बारा वर्षांच्या युद्धात तो ते विसरला होता? नाना आणि कुमुदताई आता एका बाजूला होते. त्यांचं म्हणणं, श्रीरंगने नाटकाचा सत्यानाश केला. बाळामामा आणि दिघेकाका दुसऱ्या बाजूला होते. आई कुठल्याच बाजूला नव्हती. तिने उरलेली पॅटिस गुपचूप आमच्याकडे आणून ठेवली आणि जाताना श्रीरंगची कॉलर सरळ केली.

आम्ही काय बोललो? फार काही नाही. पाणीखात्यात असून पोहता येत नाही याबद्दल त्याला ऑफिसात चिडवतात. मी वाचनालयात आहे, पण मला फक्त रहस्यकथा आवडतात, आणि त्यांचं शेवटचं पान मी आधी वाचते. तो म्हणाला, हे भयंकर आहे. मी म्हटलं, निदान कोणी का मारलं ते तरी कळतं. आमच्या घरी चाळीस वर्षं कळलेलं नाही. तो मोठ्याने हसला. हसताना तो अगदी वेगळा दिसला.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांना निघायचं होतं. नाना, आई आणि मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पुढे नाना नि कुमुदताई हातवारे करत चालले होते. एव्हाना ते एकमेकांना पुस्तकं पाठवायचं ठरवत होते. मागून मी आणि श्रीरंग. लग्न मार्गशीर्षात झालं, आणि ते कसं ठरलं याबद्दल दोन्ही घरांत आज सत्तावीस वर्षांनंतरही मतभेद आहेत. नानांच्या मते ते त्यागातून ठरलं, त्यांच्याच. सासूबाईंच्या मते मी ओरडले तिथेच. सासूबाईंनी माझ्या खिरीत कधी मीठ टाकलं नाही, हेही सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला घोर नको.

खरं म्हणजे ते स्टँडवर ठरलं. ठाण्याची गाडी फलाटाला लागत होती. माणसं पिशव्या घेऊन पुढे धावली. मी त्याला विचारलं, “ते नाव सांगायचं तुम्हाला कसं सुचलं? सगळे इतके अर्थ लावत होते, हा कुणालाच सुचला नव्हता.”

तो चांगलाच ओशाळला. “सुचलं वगैरे काही नाही,” तो म्हणाला. “खरं सांगू? त्या काकांनी कॉलर धरली ना, त्यानंतर नाटक कुठलं आणि खरं काय, याचा माझा गोंधळच उडाला. त्यात तुम्ही ते इतकं साधं म्हणालात. मला वाटलं, तुम्ही मलाच म्हणताय.”

कंडक्टरने घंटी मारली. बाळामामांनी आतून त्याच्या नावाने हाक घातली. तो पायरीवर चढला आणि दांडा धरून, उत्तराची वाट बघत तसाच उभा राहिला.

“तुम्हालाच म्हणाले,” मी म्हटलं.